अपंगत्वाची पेन्शन की मुदतपूर्व पेन्शन? राजीनाम्यावर सही करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाळूजच्या एका कारखान्यात सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम करणारे ५३ वर्षांचे ऑपरेटर. नोकरी २४ वर्षं. आठ महिन्यांपूर्वी घरीच पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. आता काठीच्या आधाराने चालतात, पण उजव्या हातात पकड आलेली नाही. कंपनीचं म्हणणं, राजीनामा द्या, वय पन्नाशीच्या पुढे आहे, पेन्शन लगेच सुरू होईल. फंडाची कामं करणारा ओळखीचा एजंट म्हणतो, ५८ पर्यंत थांबा, नाहीतर पेन्शन कापतात. पत्नी विचारतात, कुणाचं ऐकायचं? शिवाय त्यांचे दीर महापालिकेत गाडीवर चालक आहेत. मधुमेहामुळे त्यांची नजर अधू झाली आणि कार्यालयाने त्यांना स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून द्यायला सांगितलंय.

ताई, आधी तुमच्या यजमानांचं बघू. कंपनीचं ऐकू नका आणि एजंटचंही ऐकू नका. दोघेही वयाची पेन्शन डोळ्यांसमोर ठेवून बोलतायत. एक म्हणतो लवकर घ्या, दुसरा म्हणतो उशिरा घ्या. तुमच्यासाठी तिसरी वाट आहे आणि तिला वयाची अट नाही. ईपीएस-९५ म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेच्या परिच्छेद १५ मध्ये अपंगत्वाची पेन्शन आहे. ती ५३ व्या वर्षीही पूर्ण मिळते, कापून नाही. मी कामगारांचे पीएफ-पेन्शनचे अर्ज भरून देण्याचं काम करतो. इतकी सरळ तरतूद असूनही ती मागायला लोक किती कमी येतात, याचं मला फार वाईट वाटतं. बहुतेक जण येतात तेव्हा राजीनामा देऊन मोकळे झालेले असतात, आणि घोळ तिथेच होतो.

आधी वयाचं गणित सांगतो. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. तुमच्या पगारातून कापला जाणारा फंड वेगळा. कंपनी जी रक्कम भरते तिच्यातून पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, आणि सप्टेंबर २०१४ पासून त्यासाठी जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरतात. किमान १० वर्षं सेवा असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. शेवटच्या ६० महिन्यांच्या पेन्शनपात्र पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०, असं ढोबळ सूत्र. सेवा २० वर्षं किंवा जास्त असेल तर २ वर्षं वरून मिळतात. यजमानांची सेवा २००१ पासूनची आहे. २०१४ च्या आधीच्या वर्षांना तेव्हाची ६,५०० ची मर्यादा लागते, म्हणून सगळ्या वर्षांना आजचा पगार लावून हिशेब करू नका, आकडा फुगतो. त्यांची पूर्ण पेन्शन ४,००० च्या आसपास बसावी. समजायला सोपं म्हणून ४,००० च धरतो.

कंपनी जी पेन्शन म्हणते ती मुदतपूर्व पेन्शन. नोकरी सुटली असेल आणि वय ५० पूर्ण असेल तर ती घेता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांना दर वर्षी ४ टक्के घट. ५३ व्या वर्षी घेतली तर जवळपास पाचवा हिस्सा जातो. म्हणजे ४,००० ऐवजी हातात ३,२०० च्या आसपास. पुष्कळांना वाटतं की ५८ पूर्ण झाले की पेन्शन आपोआप पूर्ण होईल. तसं होत नाही. एकदा घटली की ती जन्मभर घटलेलीच राहते. पुढे पत्नीला मिळणारी पेन्शनही पेन्शनराला मिळत असलेल्या रकमेच्या निम्मी असते, म्हणजे ही कपात तुमच्यापर्यंतही येणार.

अपंगत्वाच्या पेन्शनमध्ये ही कपात नाही. १० वर्षांच्या सेवेची अटही नाही. पेन्शन फंडात एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी पुरे. पेन्शन अपंगत्व आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागू होते आणि तहहयात मिळते. आता तीन शब्द नीट समजून घ्या, कारण सगळा अर्ज त्यांच्यावर उभा राहतो. अपंगत्व ‘कायमचं’ असावं, ‘संपूर्ण’ असावं आणि ‘नोकरीत असताना’ आलेलं असावं.

‘नोकरीत असताना’ या शब्दांवर कंपनीचा माणूस तुम्हाला सांगेल की झटका घरी आला, कारखान्यात नाही, मग कसली पेन्शन? ते चूक आहे. योजनेच्या व्याख्येतच म्हटलंय की अपंगत्व काम करताना आलं की अन्य प्रकारे, हे बघायचं नाही. घरी पक्षाघात झाला, रस्त्यावर अपघात झाला, किडनी गेली, तरी चालतं. बघायचं इतकंच की त्या तारखेला माणूस नोकरीत होता की नाही. म्हणूनच राजीनाम्याची घाई करू नका असं मी पुन्हा पुन्हा सांगतो. राजीनाम्यावर ‘घरगुती कारणास्तव’ असं लिहिलं, नंतर अपंगत्वाचा दाखला काढला आणि दाखल्यावर राजीनाम्यानंतरची तारीख पडली, की फंडाच्या ऑफिसात बसलेला कारकून एकच प्रश्न विचारतो: हे नोकरीत असताना झालं कशावरून? मग केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, एमआरआय असं सगळं पुरावा म्हणून लावत बसावं लागतं. आधीच आजारी माणूस आणि त्यात ही धावपळ.

‘संपूर्ण’ या शब्दाने लोक घाबरतात. त्यांना वाटतं, माणूस अंथरुणाला खिळलेला असला तरच. तसं नाही. व्याख्येत म्हटलंय की अपंगत्व येण्याच्या वेळी माणूस जी कामं करू शकत होता त्या कामांसाठी तो असमर्थ झालेला असावा. आणि परिच्छेद १५ मध्ये वैद्यकीय तपासणीचा हेतू दिलाय तो असा: अपंगत्वाच्या वेळी तो जी नोकरी करत होता तिच्यासाठी तो कायमचा आणि पूर्णपणे अयोग्य झालाय का, हे ठरवणं. म्हणजे यजमान काठी घेऊन अंगणात चालतात, डाव्या हाताने जेवतात, मोबाइल लावतात, म्हणून अर्ज बाद होत नाही. सीएनसीवर आठ तास उभं राहून काम होईल का, हे बघायचंय.

इथे दिव्यांग प्रमाणपत्राचा गोंधळ होतो. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर ६० टक्के, ७० टक्के असा आकडा असतो. तो शरीराच्या हानीचा आकडा आहे. ते कार्ड काढून ठेवा, इतर कामांना लागतं, पण त्या टक्क्यावर ही पेन्शन ठरत नाही. एखाद्या क्लार्कला पायाचं ६० टक्के अपंगत्व असूनही तो खुर्चीवर बसून आपलं काम करू शकतो, आणि तुमच्या यजमानांना त्याहून कमी आकडा मिळाला तरी मशीन चालवता येणार नाही. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून सविस्तर पत्र घ्या आणि त्यात काम कसं होतं ते उतरवून घ्या. नुसतं ‘उजव्या बाजूचा पक्षाघात, विश्रांतीचा सल्ला’ एवढं लिहिलेली चिठ्ठी काही कामाची नाही. उलट ‘विश्रांतीचा सल्ला’ वाचून तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाला वाटतं की बरं होणारं दुखणं आहे.

पत्रात काय हवं ते सांगतो. चकमध्ये म्हणजे मशीनच्या पकडीत जॉब (घडवायचा तुकडा) बसवायला आणि काढायला दोन्ही हात लागतात, उजव्या हाताची पकड नाही. व्हर्नियर किंवा मायक्रोमीटर धरून माप घेता येत नाही. पॅनेलवरची आणीबाणीची बटणं उजव्या हाताने झटकन दाबता येत नाहीत, म्हणजे त्यांच्या आणि शेजारच्याच्याही जिवाला धोका. उभं राहून तोल जातो. इतके महिने फिजिओथेरपी घेऊनही यात आता मोठी सुधारणा अपेक्षित नाही. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, कारण ‘कायमचं’ हा शब्द त्याच्यावरच टिकतो. डॉक्टरांना यंत्राची माहिती नसते, तेव्हा यजमान रोज काय काम करायचे ते तुम्हीच एका कागदावर लिहून न्या. कंपनीकडून कामाचं स्वरूप लिहून मिळालं तर उत्तम.

कंपनी हाकलतेय असं वाटत असलं तरी तुमच्याकडे वेळ आहे. पगार २१,००० च्या आत असल्याने ते ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत. ईएसआयचा साधा आजारपणाचा लाभ ९१ दिवसांचा असतो आणि बहुतेक घरं तो संपला की सगळं संपलं असं समजतात. पण दीर्घ आजारांची एक यादी आहे, त्यात ३४ आजार आहेत आणि एका बाजूचा पक्षाघात त्यात येतो. किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि वर्गणीचे ठरलेले दिवस भरले असतील तर पगाराच्या ८० टक्के दराने वाढीव आजारपण लाभ मिळतो, आणि तो एकूण २ वर्षांपर्यंत वाढवता येतो. दवाखान्यात दर वेळी दाखला वाढवून घ्या, मधे खंड पडू देऊ नका. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही, असं ईएसआय कायदा सांगतो. कुणी राजीनाम्याचा कागद पुढे केला तर तोंडी वाद घालू नका. ‘मी ईएसआयच्या उपचाराखाली आहे, वैद्यकीय निर्णय झाल्यावर कळवतो’ असं लेखी द्या आणि पोच घ्या.

या महिन्यांत पगार नसल्याने पेन्शनची वर्गणी जात नाही हे खरं, पण नोकरी तुटलेली नसते. नोकरी चालू राहणं हीच सध्या तुमची जमा बाजू.

मग कधी बाहेर पडायचं? पक्षाघातात जी सुधारणा व्हायची ती बरीचशी पहिल्या काही महिन्यांत होते. तुम्ही आठ महिने काढलेत. न्यूरोलॉजिस्टकडून एकदा स्पष्ट मत घ्या. हात परत येण्याची आशा असेल तर ईएसआयचा लाभ घेत थांबा. नसेल, तर अपंगत्वाचा दाखला आधी आणि नोकरी सोडणं नंतर, असा क्रम ठेवा. कंपनीने फंडाच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख टाकताना कारणही टाकायचं असतं, आणि त्यात कायमच्या अपंगत्वाचं कारण वेगळं असतं. कंपनीचा माणूस सवयीने साधं ‘नोकरी सोडली’ हे कारण टाकून मोकळा होतो. त्याच्या समोर बसा, दाखल्याची प्रत द्या आणि कारण बरोबर पडलंय ना ते स्क्रीनवर बघूनच उठा.

पेन्शनचा अर्ज म्हणजे टेन-डी फॉर्म. वयाची, मुदतपूर्व, अपंगत्वाची, विधवा पेन्शन, सगळ्यांना हाच फॉर्म आहे आणि म्हणूनच घोळ होतो. सुरुवातीलाच पेन्शनचा प्रकार विचारलेला असतो. वय ५३ दिसलं की भरून देणारा न विचारता घटवलेल्या पेन्शनवर खूण करतो. फॉर्मवर सही करण्याआधी ती एक ओळ तुम्ही स्वतः वाचा. ‘घटवलेली पेन्शन कोणत्या तारखेपासून हवी’ असा रकाना येतो, तो मोकळा सोडा. सोबत वैद्यकीय कागद, बँक पासबुक, आधार, दोघांचा एकत्र फोटो, मुलांचे जन्मदाखले. मुलांपैकी कुणी कायमचं अपंग असेल तर तेही याच फॉर्मवर नोंदवा. अशा मुलाला पुढे वयाची अट न लावता पेन्शन मिळू शकते, आणि हे पुष्कळ आईबापांना माहीतच नसतं.

फंडाचं ऑफिस मग यजमानांना वैद्यकीय तपासणीला पाठवेल. तिथे जाताना बरं दिसावं म्हणून माणूस उगाच जोर लावतो. ‘हो, हो, जमतं मला’ म्हणतो. स्वाभिमानी माणसाला आपल्याला जमत नाही हे सांगणं किती जड जातं ते मी समोर बसून पाहिलंय. त्यांना आधी शांतपणे समजावा की तिथे खरं आहे तेवढंच सांगायचं, कमीही नाही आणि जास्तही नाही.

बोर्डाने नाही म्हटलं तर? तसं होऊ शकतं. तेव्हा लेखी कारण मागा आणि नवीन वैद्यकीय मतासह प्रादेशिक भविष्य निधी आयुक्तांकडे फेरविचारासाठी अर्ज करा. ईपीएफआयजीएमएस या फंडाच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते, आणि दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ हा तक्रारी ऐकण्याचा कार्यक्रम होतो, तिथे कागद घेऊन प्रत्यक्ष जा. तरीही जमलं नाही, तरच एजंटच्या आणि कंपनीच्या वाटांमध्ये निवड करायची वेळ येते.

तेव्हा असा हिशेब करा. आत्ता ३,२०० घेतले तर ५८ पर्यंतच्या पाच वर्षांत १,९२,००० रुपये हाती येतात. थांबलात तर ५८ नंतर महिन्याला ८०० जास्त मिळतील. न घेतलेले १,९२,००० त्या ८०० नी भरून निघायला २४० महिने लागतात, म्हणजे वयाची ७८ वर्षं. हे मी व्याज न धरता सांगतोय. घरात दुसरी मिळकत नसेल, औषधांचा खर्च असेल, तर मी मुदतपूर्व पेन्शन घ्या असंच सांगेन. ‘कापली जाते’ या एका शब्दाला घाबरून पाच वर्षं हात रिकामे ठेवण्यात शहाणपण नाही. मुलगा कमावता असेल आणि घर चालत असेल, तर थांबणं बरं. थांबलेल्या काळात यजमानांचं काही बरंवाईट झालं तरी तुमची विधवा पेन्शन बुडत नाही. पण हा सगळा विचार अपंगत्वाचा अर्ज निकालात निघाल्यावरचा आहे, त्याच्या आधीचा नाही.

पेन्शनच्या नादात दोन रकमा विसरू नका. पीएफची पूर्ण शिल्लक, त्यांच्या आणि कंपनीच्या वाट्याची, कायमच्या असमर्थतेच्या कारणावर लगेच काढता येते. ग्रॅच्युइटी महिन्याच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १५ भागिले २६ गुणिले वर्षं या हिशेबाने मिळते आणि २४ वर्षांना ती चांगली रक्कम होते. शेजारीपाजारी कुणाची सेवा पाच वर्षांहून कमी असेल आणि अशीच वेळ आली असेल, तर त्यांनाही सांगा: अपंगत्वामुळे किंवा मृत्यूमुळे नोकरी सुटली तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. त्यांनी टेन-सी फॉर्म भरून पेन्शनचे पैसेही उचलू नयेत. १० वर्षं झाली नाहीत म्हणजे पेन्शन नाही, असं समजून लोक ते किरकोळ पैसे उचलतात आणि अपंगत्वाच्या पेन्शनचा हक्क स्वतःच्या हाताने घालवतात. आणि हो, दवाखाना. ईएसआयमध्ये किमान ५ वर्षं विमाधारक असलेला माणूस मुदतीआधी निवृत्त झाला तरी वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवू शकतो. पक्षाघाताच्या गोळ्या जन्मभराच्या असतात, तेव्हा हे करून टाकाच.

आता दिरांबद्दल. त्यांचं उत्तर अगदी उलटं आहे: त्यांनी निवृत्त व्हायचंच नाही. महापालिका ही सरकारी आस्थापनेत मोडते आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २० पोटकलम ४ तिला बांधील करतं. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि त्याची पदावनतीही करता येत नाही. तो आधीच्या पदाला योग्य उरला नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि त्याच सेवालाभांसह दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पदच नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, जे आधी होईल तोवर, अधिसंख्य म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्तीचं पद निर्माण करून तिथे ठेवायचं. खाजगी कारखान्याला हे पोटकलम लागत नाही, म्हणून तुमच्या यजमानांना मी ही वाट सांगितली नाही.

१९९५ च्या जुन्या कायद्यात हीच तरतूद कलम ४७ मध्ये होती. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली कुणाल सिंग यांच्या प्रकरणात ती बंधनकारक ठरवली. ते केंद्राच्या स्पेशल सर्व्हिस ब्युरो या सुरक्षा दलात शिपाई (कॉन्स्टेबल) होते, पाय कापावा लागला आणि त्यांना सेवेतून कमी करण्यात आलं. त्यांना रुग्णता निवृत्तिवेतन (सेवेला असमर्थ ठरल्यावरची पेन्शन) मिळतंय, म्हणून कलम ४७ चं संरक्षण नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट सांगितलं. दिरांनी हे लक्षात ठेवावं, कारण कार्यालय त्यांनाही निवृत्तिवेतनाचंच गाजर दाखवेल. स्वेच्छानिवृत्ती हा कर्मचाऱ्याने स्वतःहून घेतलेला निर्णय धरतात. एकदा ती मंजूर झाली की ‘मला काढलं’ असं म्हणायला जागा उरत नाही, पुढची वर्षं आणि वेतनवाढी जातात आणि निवृत्तिवेतन तेवढ्याच सेवेवर बसतं. ते १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर लागले असतील तर त्यांना सहसा जुनी पेन्शन नाही, तेव्हा नुकसान आणखी मोठं.

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज अजून दिला नसेल तर देऊ नये. दिला असेल आणि मंजुरी आली नसेल, तर आजच मागे घेण्याचा अर्ज टपालात नोंदवून आवक क्रमांक घ्यावा. त्याच दिवशी आयुक्तांच्या नावे दुसरा अर्ज द्यावा: ‘सेवेत असताना मला दृष्टिदोष उद्भवला आहे. वैद्यकीय मंडळाकडे पाठवून माझी तपासणी करावी आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २०(४) नुसार मला त्याच वेतनश्रेणीत पर्यायी पद द्यावं.’ प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. अर्जाची भाषा याहून लांबवू नका, आणि कार्यालयात कुणी ‘आधी स्वेच्छानिवृत्ती लिहा, मग पर्यायी पदाचं बघू’ म्हणालं, तर तेवढं मात्र लेखी मागा.